आशिया अभ्यासाचे कार्यक्रम, २०२६–२७: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री साडेदहाला विभागाचा मोबाइल वाजतो आणि पलीकडून विचारतात, "बाहेरच्यांना चालतं ना?" तीन वर्षं हा मोबाइल माझ्याकडे आहे. मी इथे पीएचडी करते, म्हणजे कागदोपत्री. बाकी वेळ खुर्च्या मांडण्यात आणि हेच प्रश्न ऐकण्यात जातो. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. तारखेत घोळ दिसला तर विभागाबाहेरच्या फळ्यावरची चिठ्ठी खरी माना, हे पान नव्हे.

बाहेरच्यांना चालतं का?

चालतं. व्याख्यानांना, चित्रपटांना, सणांच्या कार्यक्रमांना कोणीही या. नावनोंदणी नाही, शुल्क नाही. फाटकावरचे सुरक्षारक्षक ओळखपत्र मागतात, तेव्हा आधार किंवा लायसन्स जवळ असू द्या आणि वहीत नाव लिहून आत या. "कुणाकडे जायचंय?" असं विचारलं तर "आशियाच्या लेक्चरला" एवढं सांगितलं तरी पुरतं, आता त्यांनाही पाठ झालंय. कार्यशाळा आणि सहल यांना मात्र जागा मोजक्या असतात, तिथे आधी नाव द्यावं लागतं.

आमचे सगळ्यांत नियमित श्रोते विद्यार्थी नाहीत. गिरगावातले एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, ते दुसऱ्या रांगेत कडेला बसतात आणि प्रत्येक व्याख्यानानंतर पहिला प्रश्न त्यांचाच. ते आले नाहीत तर वक्त्यापेक्षा आम्हीच जास्त अस्वस्थ होतो.

यंदा काय काय आहे?

डिसेंबर ते मे या सत्रातलं सांगते. महिन्यातून दोन शनिवारी, दुपारी चारला, व्याख्यान. जानेवारीत दोन दिवसांचं चर्चासत्र, विषय बंदरं. सोपारा, कल्याण, चौल ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी बंदरं आणि तिथून अरबी समुद्रापलीकडे गेलेली माणसं, माल, लिप्या, देव. फेब्रुवारीत चांद्र नववर्ष. ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात कधीही येतं, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे, आणि तो शनिवारच आहे, त्यामुळे यंदा आम्हाला काही ओढाताण करावी लागली नाही. त्या दिवशी सुलेखनाची कार्यशाळा. मार्चमध्ये नवरोझ, म्हणजे इराणी नववर्ष. तो २१ मार्चला, रविवारी येतोय, म्हणून आम्ही आदल्या दिवशी करतोय. फारसी कागदपत्रं वाचण्याची कार्यशाळा दर बुधवारी संध्याकाळी, आठ आठवडे. कान्हेरीची सहल थंडीतच, फेब्रुवारी उलटायच्या आत. चित्रपट महिन्यातून एकदा, उपशीर्षकांसह. कोणता ते त्या त्या आठवड्यात कळतं, कारण प्रदर्शनाची परवानगी नेहमी शेवटच्या क्षणी येते.

'आशिया' म्हणजे चीन-जपानच ना?

नाही, आणि हा प्रश्न आम्हाला फार आवडतो, कारण उत्तर मुंबईतच चालत फिरून देता येतं.

मशीद बंदर स्टेशनचं नाव घ्या. त्यातली 'मशीद' मुसलमानांची नाही, तिथल्या सिनेगॉगवरून ते नाव पडलं असं सांगतात. तो सिनेगॉग १७९६ चा, बेने इस्रायलींचा, म्हणजे आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा. हे लोक इस्रायलला गेले तेव्हा मराठी सोबत घेऊन गेले. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. इस्रायल पश्चिम आशियात. मग हा विषय आशियाचा की महाराष्ट्राचा? आमच्याकडे दोन्ही.

माझगावात नवाब टँक रोडवर एका साध्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चिनी मंदिर आहे, १९१९ चं. आत क्वान कुंग हा योद्धा-देव. चांद्र नववर्षाला तिथे लाल कंदील लागतात आणि एरवी त्या रस्त्याने जाणाऱ्यांना वर देव आहे याचा पत्ताही नसतो. वरळीला जपानी बौद्ध मंदिर आहे, निचिरेन परंपरेतलं. ते उभं करणारे फुजी गुरुजी १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांचा 'नम म्यो हो रेंगे क्यो' हा मंत्र पुढे सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला. वर्ध्याच्या शाळेत शिकलेल्या कुणाला विचारा, अर्थ माहीत नसताना पाठ असतो.

आणि इराणी हॉटेलं आहेतच. ती चालवणारे इराणी आणि आपले पारशी वेगवेगळे, इराणी बरेच नंतर, एकोणिसाव्या-विसाव्या शतकात आले, हे मलाही इथे आल्यावर कळलं. तोवर मी सगळ्या ब्रून मस्कावाल्यांना पारशीच समजत होते.

तेव्हा आमच्या पत्रकात इराण, मध्य आशिया, अरबस्तान, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया, नेपाळ, श्रीलंका सगळं येतं. कोरियाच्या कार्यक्रमांना गर्दी सर्वाधिक, याचं श्रेय आमचं नाही. मालिकांचं आहे.

हे प्राच्यविद्येपेक्षा वेगळं आहे का?

नातं मायलेकीचं आहे, भांडणासकट. मुंबईत ही परंपरा जुनी. २६ नोव्हेंबर १८०४ ला जेम्स मॅकिंटॉश यांनी लिटररी सोसायटी काढली, तीच आजची एशियाटिक सोसायटी. हॉर्निमन सर्कलसमोरच्या त्या पायऱ्यांवर बसून आपण सगळ्यांनी कधी ना कधी शेंगदाणे खाल्लेले आहेत. भाऊ दाजी लाड तिथे शिलालेखांवर निबंध वाचायचे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले होते. फोर्टातली के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट १९१६ ची. अवेस्ता, पहलवी, फारसी हस्तलिखितांसाठी आजही तिथेच जावं लागतं.

फरक असा की जुनी प्राच्यविद्या पोथीपाशी थांबायची. आम्ही पोथीबरोबर ती पोथी विकणारा, तिच्यावर कर लावणारा आणि आज तिचं यूट्यूबवर पारायण करणारा, असे तिघेही बघतो. अर्थात ज्याला पोथीच वाचता येत नाही त्याने बाकीच्या गप्पा मारू नयेत, असं आमच्या मॅडमचं मत आहे, आणि ते मला पटतं.

सीमेवर तणाव असताना चीनवर कार्यक्रम कशाला?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, म्हणून शांतपणे उत्तर देते.

१९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनला गेले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करायला. त्यांतले द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, इथल्याच जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले, चोळकर नागपूरचे. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. गेल्या वर्षीच्या व्याख्यानात त्यांचा चिनी गणवेशातला फोटो पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "हे आमच्या भैय्या चौकाजवळचे." सोलापूरकरांना विचारायची सोय नाही.

ही झाली गोड बाजू. दुसरी बाजूही आम्ही सांगतो. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफू होती. त्यांच्याच नावाच्या जे. जे. रुग्णालयाच्या दारात उभं राहून हे आठवणं सोपं नाही. त्याच व्यापारातून कॅन्टनच्या कारागिरांची भरतकामाची गारा साडी पारशी घरांत आली. एकाच गलबतातून रेशीम यायचं आणि विषही जायचं.

चीनवर बोलणं म्हणजे चीनची बाजू घेणं नव्हे. ज्याच्याशी भांडण आहे त्याची भाषा आपल्याकडे किती जणांना येते, हे मोजून बघा, मग कार्यक्रम का करतो ते कळेल. सभागृहात राजकीय प्रश्न चालतात. घोषणा चालत नाहीत.

मला फारसी येत नाही. बुधवारच्या कार्यशाळेत बसू का?

बसा. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त येते.

पहिल्या दिवशी आम्ही फळ्यावर शब्द मागतो. दुकान, बाजार, हजार, कागद, जमीन, अर्ज, फिर्याद, वसूल, हुकूम, गुलाब, चष्मा. पंधरा मिनिटांत फळा भरतो आणि ज्यांना फारसी येत नव्हती त्यांनीच तो भरलेला असतो. यातले काही शब्द मुळात अरबी, फारसीवाटे आलेले. मग आडनावं निघतात. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्यावरून चिटणीस, फडणवीस. मागच्या तुकडीत एक पारसनीस होते, त्यांचे पूर्वज 'पारस-नवीस', म्हणजे फारसी पत्रव्यवहार लिहिणारे. त्यांनी साठ वर्षं ते आडनाव वापरलं होतं आणि अर्थ त्या बुधवारी कळला. काही बोलले नाहीत, नुसतं वहीत लिहून घेतलं.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. म्हणजे दरबारी व्यवहारात फारसी किती मुरली होती याचा तोच सगळ्यांत चांगला पुरावा. आणि तरीही 'दुकान' गेलं नाही, 'पण्यशाला' आली नाही.

आठ आठवड्यांत कागद सरसर वाचता येणार नाही. अक्षरं ओळखता येतील, तारीख आणि शिक्का वाचता येईल, आणि 'शिकस्ता' नावाचं ते मोडतोड झाल्यासारखं दिसणारं घाईचं वळण बघून घाबरायचं नाही, एवढं येईल. मोडी येत असेल तर दुधात साखर. पेन नको, पेन्सिल आणा. मूळ कागदांना हात लावायची वेळ आली तर हातमोजे घालायचे नाहीत, हात धुऊन कोरडे करायचे. मोज्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि पानाची कड फाटते. हे सांगितलं की सिनेमे बघून आलेले लोक नाराज होतात.

कार्यक्रम शनिवारीच का? रविवारी सगळ्यांना सुट्टी असते.

मेगाब्लॉक.

यायचं कसं?

चर्चगेटवरून चालत, किंवा मेट्रो तीनने हुतात्मा चौकाला उतरून. मध्य आणि हार्बरवाल्यांनी सीएसएमटीवरून चालत यावं, टॅक्सीवाले एवढ्या जवळचं भाडं घेत नाहीत. गाडी आणू नका. खरंच आणू नका.

ऑनलाइन बघता येईल का?

वक्ता परदेशातून बोलणार असेल तर सगळा कार्यक्रमच पडद्यावर असतो आणि दुवा सर्वांना मिळतो. वक्ता इथे असेल तर प्रक्षेपण करत नाही. एकदा केलं होतं. समोर चाळीस खुर्च्या रिकाम्या आणि ऑनलाइन नव्वद जण, त्यांतल्या बहुतेकांचे कॅमेरे बंद. पाहुण्यांना वाटलं सभागृहात कोणीच आलं नाही. पुन्हा नाही.

वेळेबद्दल थोडं. टोकियो आपल्या साडेतीन तास पुढे, बीजिंग अडीच तास, जाकार्ता दीड तास, तेहरान दोन तास मागे. आपल्याकडे दुपारचे चार म्हणजे टोकियोत संध्याकाळचे साडेसात, त्या माणसाचं जेवण अडलेलं असतं. तेव्हा पाच मिनिटं उशिरा सुरू करण्याची आपली सवय तिथे चालत नाही. काठमांडू फक्त पंधरा मिनिटं पुढे. हा फरक लक्षात ठेवणं सगळ्यांत कठीण, दरवेळी कोणीतरी चुकतं, आणि मागच्या वेळी ती मी होते.

वक्ते ऐनवेळी बदलतात, असं का?

परदेशी पाहुण्यांना परिषदेचा व्हिसा लागतो, त्यासाठी आयोजकांना सरकारी मंजुऱ्या घ्याव्या लागतात, आणि फाइलचा वेग आमच्या हातात नाही. पाहुणे येऊ शकले नाहीत तर ते पडद्यावर येतात, किंवा आमच्यातलं कोणीतरी उभं राहतं. असं ऐनवेळी उभं राहिलेल्या एका सहकाऱ्याचं समरकंदच्या कागदावरचं व्याख्यान गेल्या वर्षातलं सर्वांत चांगलं होतं, हे फक्त त्यालाच मान्य नाही.

कान्हेरीच्या सहलीत काय वेगळं दाखवता? आम्ही शाळेतून जाऊन आलोय.

शाळेतून गेलात तर तीन नंबरचा मोठा चैत्य बघितला असेल, माकडांना घाबरला असाल आणि डबा खाल्ला असेल. आम्ही नव्वद क्रमांकाच्या गुंफेपर्यंत जातो. तिथे भिंतीवर पहलवी लिपीत नावं कोरलेली आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये तिथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींची. बौद्ध विहारात इराणी वंशाचे झरतुष्टी पाहुणे, हजार वर्षांपूर्वी, बोरिवलीच्या डोंगरात. कशासाठी आले असतील? तीर्थ म्हणून, की वाटेवरचं प्रेक्षणीय ठिकाण म्हणून? नुसती नावं आणि तारीख मागे ठेवून गेले, आज भिंतीवर 'अमुक लव्ह्ज तमुक' लिहितात तसंच की वेगळं, यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. मी 'तसंच'च्या बाजूने आहे. (तुम्ही मात्र काही लिहू नका. दंड आहे.)

ती अक्षरं सहज दिसत नाहीत. सकाळचा तिरका उजेड लागतो, मोबाइलची टॉर्च बाजूने धरावी लागते, आणि मग एकाएकी दगडातून रेघा वर येतात. त्या क्षणी गटातली बडबड थांबते.

कान्हेरीच्या दानलेखांत कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची नावं आहेत, म्हणजे जानेवारीतल्या बंदरांच्या चर्चासत्राचा हा चालता-बोलता पुरवणी भाग. सोपाऱ्यात सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा बघायचा असेल तर तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तिथेच टाटांनी दिलेला चिनी-जपानी वस्तूंचा संग्रहही आहे. बुद्ध बघायला जाणारे बरेच जण त्या दालनात फिरकतच नाहीत, हे वाईट.

सोमवारी गुंफा बंद असतात. उद्यानाचं प्रवेश-तिकीट वेगळं, गुंफांचं वेगळं. फाटकापासून गुंफा सहा-सात किलोमीटर आत आहेत, उद्यानाची बस मिळते. चढ आहे, पायऱ्या झिजलेल्या आहेत, चपला नकोत, बूट घाला. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडं तिला आपलीच समजतात.

सणांच्या कार्यक्रमांत जेवण शाकाहारी असतं का?

फोनवरचा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न. आणि आमचं सगळ्यांत मोठं शिक्षणही यातूनच झालं.

पहिल्या वर्षी आम्ही जपानी सूप 'शाकाहारी' म्हणून वाढलं. भाज्या होत्या, टोफू होतं. पाहुण्या बाईंनी चव घेऊन हळूच विचारलं, रस्सा कशाचा? बाहेरून मागवलेला होता. जपानी रश्श्याचा पाया, दाशी, बहुधा सुकवलेल्या मासळीच्या किसाचा असतो. तोवर तीन जैन मुलींनी वाटी अर्धी संपवली होती. त्या दिवशी मी ज्या आवाजात माफी मागितली तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तेव्हापासून नियम केला. दाशी फक्त कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची. किमची आम्ही स्वतः घालतो, कारण बाजारातल्या किमचीत बहुधा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते. आमच्यात ती नसते, पण लसूण असतो, म्हणून जैनांनी तिकडे जाऊ नये. थाई पदार्थांत फिश सॉसऐवजी सोया आणि मीठ. चव बदलते, मान्य. टेबलावर प्रत्येक भांड्यासमोर चिठ्ठी असते आणि तीवर खरं लिहिलेलं असतं.

चायनीज भेळ मिळेल का, असंही दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाही. पण ती चिनी नाही म्हणून तिला कमी लेखणाऱ्यांत आम्ही नाही; शेजवान चटणीवर एक व्याख्यान व्हायला हवं, असं माझं जाहीर मत आहे.

नवरोझला काय असतं?

'हफ्त-सीन' मांडतो. फारसीतल्या 'सीन' या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू: गव्हाचे हिरवे कोंब, गव्हाचीच एक गोड खीर, सेंजेद नावाचं सुकं फळ, लसूण, सफरचंद, सुमाक आणि व्हिनेगर. गहू आम्ही दोन आठवडे आधी विभागाच्या खिडकीत भिजत घालतो. आपल्या घटस्थापनेच्या धान्यासारखाच, आणि सफाईच्या मावशी त्याला 'घट'च म्हणतात, पाणीही त्याच घालतात. सेंजेद मुंबईत सहज मिळत नाही. एका वर्षी आम्ही बोरं ठेवली. इराणी पाहुण्यांनी बघितलं, हसले, आणि एक उचलून तोंडात टाकलं.

पारशांचं नववर्ष ऑगस्टमध्ये येतं ना, असं विचारतात. येतं, ते शहेनशाही पंचांगाप्रमाणे. मार्चमधला तो जमशेदी नवरोझ, वसंतसंपाताचा. दोन्ही साजरे करणारी घरं या शहरात आहेत, त्यांची मजा आहे.

सुलेखनाच्या कार्यशाळेला काय आणायचं?

काही नाही. कुंचला, शाई, कागद आम्ही देतो. जुना शर्ट घाला, शाई जात नाही.

एका वर्षी मी पैसे वाचवायला ड्रॉइंगचा कार्ट्रिज पेपर आणून ठेवला होता. शिकवणाऱ्या बाईंनी एक रेघ ओढली आणि थांबल्या. शाई कागदावर बसून राहिली, पसरलीच नाही. त्यांचा कागद शाई पितो, कड फुलते, त्या फुलण्यात हात किती वेळ थांबला ते दिसतं. माझ्या कागदावर काहीच दिसत नव्हतं, सगळ्या रेघा सारख्या. आता कागद योग्य तोच येतो आणि तो महाग आहे, म्हणून प्रत्येकी सहा ताव. आधी वर्तमानपत्रावर गिरवा.

चर्चासत्रात निबंध मराठीत वाचला तर चालेल?

चालेल. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही. तीनशे शब्दांचा गोषवारा आधी पाठवा. त्यात 'प्रस्तुत शोधनिबंधात विविध पैलूंचा आढावा घेण्यात येईल' असं वाक्य असेल तर गोषवारा परत येतो, कारण त्यातून काहीच कळत नाही. कोणता कागद, कोणती जागा, कोणती वस्तू बघितली ते लिहा. चौलबद्दल लिहिणाऱ्यांनी अल-मसूदी आणि अफनासी निकितिन यांच्या पलीकडे जावं, ही विनंती. दहाव्या शतकातला अरब प्रवासी आणि पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी, दोघेही चौलला आले होते हे आता आम्हाला माहीत आहे. चौलच्या मातीतलं काही आणा.

चॅटबॉटने लिहिलेला गोषवारा ओळखू येतो. मराठीत तर लगेच.

प्रमाणपत्र मिळतं का?

कार्यशाळेला आणि चर्चासत्राला मिळतं, पूर्ण वेळ बसलात तर. व्याख्यानाला नाही. सही करून पळणाऱ्यांसाठी सही शेवटी ठेवली आहे.

या सगळ्याचा नोकरीला काय उपयोग?

हे बहुधा आई-बाबा विचारतात, मुलगा बाजूला उभा असतो आणि छताकडे बघतो.

नुसत्या कार्यक्रमांना येऊन नोकरी लागत नाही. भाषा आली तर लागते. जपानीची जेएलपीटी परीक्षा पाच पातळ्यांची, एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, मुंबई केंद्र आहे. कंपन्या साधारण एन-३ पासून विचारायला लागतात, एन-५ वर फक्त नातेवाईक खूश होतात. डिसेंबर २०२६ ची परीक्षा सहा तारखेला येतेय. तो महापरिनिर्वाण दिन आहे, दादरला लाखोंची गर्दी असेल. दादरवरून गाडी बदलणाऱ्यांनी तासभर आधी निघा, किंवा वाट बदला.

कोरियन, चिनी, फारसी, अरबी यांचंही असंच. भाषांतर, संग्रहालयं, पर्यटन, आयात-निर्यातीच्या कचेऱ्या, वकिलातींतली कामं. पाली शिकणाऱ्यांना वेगळा रस्ता आहे. धर्मानंद कोसंबी पालीच्या ओढीने गोव्याहून निघून श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत पोहोचले आणि पुढे हार्वर्डला. नोकरीची हमी त्यांनाही कोणी दिली नव्हती, पण हे वाक्य आई-बाबांसमोर म्हणत नाही मी.

पाहुण्यांना काय म्हणायचं? नाव चुकलं तर?

चिनी, कोरियन नावांत आडनाव आधी. गुओ चिंगलान यांतलं गुओ हे आडनाव. जपानी मंडळी इंग्रजीत लिहिताना कधी कधी क्रम उलटा करतात, म्हणून पाटी करताना आम्ही विचारून घेतो. एकदा न विचारता केली आणि एका ज्येष्ठ प्राध्यापकांना दिवसभर सगळे त्यांच्या पहिल्या नावाने हाका मारत राहिले, म्हणजे आपल्याकडे 'अहो जोशी सर' ऐवजी 'काय रे सुरेश' झालं. जपानी शिक्षकांना 'सेन्सेई' म्हटलं की झालं. व्हिजिटिंग कार्ड दोन हातांनी घ्या आणि लगेच खिशात कोंबू नका.

प्रश्न मराठीत विचारा, आम्ही भाषांतर करतो. फक्त प्रश्न विचारा. "प्रश्न नाही, एक छोटंसं निवेदन आहे" म्हणून उठणाऱ्यांसाठी दोन मिनिटांची घंटा आहे, आणि ती माझ्याच हातात असते.

लहान मुलांना, आजी-आजोबांना आणू का?

सणांना आणि सुलेखनाला मुलांना जरूर आणा. व्याख्यानाला आणलंत तर कडेला बसा. लिफ्ट आहे, पण जुनी आहे, एका वेळी चौघं. पहिल्या मजल्यावरच आहोत.

फोटो काढले तर चालतात?

लोकांचे विचारून, पडद्यावरच्या हस्तलिखितांचे नाही. ती चित्रं ज्या संस्थांनी दिली त्यांची अट आहे.

उशीर झाला तर?

मागच्या दाराने या. त्या मजल्यावर दोन सभागृहं आहेत, शेजारच्यात शनिवारी अकाउंटन्सीचे जादा तास असतात. फळ्यावर ताळेबंद दिसला तर बाहेर पडून उजवीकडचं दार ढकला.